'कॉल ऑफ'ने केलेला घोळ, आणि फ्रेजल व्हर्ब्ज नक्की शिकायची कशी?

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज लिहायलाच बसले कारण डोक्यातून जातच नाहीये.

मी नाशिकला एमआयडीसीतल्या एका कारखान्यात प्लॅनिंग आणि डिस्पॅच बघते. मशीनिंग केलेले पार्ट बाहेरदेशी जातात, त्यातलं एक गिऱ्हाईक बर्मिंगहॅमचं. माझी शाळा पूर्ण मराठी माध्यमातली, इंग्रजी पाचवीपासून. ड्रॉइंग, पीओ म्हणजे खरेदीची ऑर्डर, इन्व्हॉइस सगळं इंग्रजीतच असतं, ते वाचायला काही अडत नाही. गाडी अडते ती या दोन-दोन शब्दांच्या क्रियापदांपाशी. म्हणून गेल्या वर्षी पाचशे फ्रेजल व्हर्ब्जची यादी प्रिंट काढली, रोज दहा पाठ करायची, वहीत पुढे मराठी अर्थ लिहायचा. 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणे, 'कॉल ऑफ' म्हणजे रद्द करणे, असं सगळं.

जूनमध्ये त्यांची मेल आली, 'वी वुड लाइक टू कॉल ऑफ ४०० पीसेस फॉर वीक ३२.' मी वाचलं, चारशे नग रद्द. शंकासुद्धा आली नाही, वहीत तसंच लिहिलेलं ना. प्लॅनमधून चारशे काढले, मशीन दुसऱ्या कामाला दिलं, 'नोटेड' असं उत्तर पाठवून मोकळी झाले. बत्तिसावा आठवडा उजाडला आणि तिकडून फोन, माल कुठाय? तर खरेदीवाल्यांच्या भाषेत ब्लँकेट ऑर्डरमधून, म्हणजे वर्षभराची एकदाच दिलेली ऑर्डर असते तिच्यातून, 'कॉल ऑफ' करणं म्हणजे त्यातले एवढे नग आता पाठवा असं मागणं. बरोब्बर उलटा अर्थ! शेवटी विमानाने पाठवावे लागले, आणि साहेब सगळ्यांसमोर जे बोलले ते इथे लिहीत नाही.

तर प्रश्न असा की पाठ करून जर हे होणार असेल तर मग करायचं काय? तुम्ही कसं शिकलात? मराठी माध्यमातून आलेल्यांनी तर नक्कीच लिहा.

पिंपळपान

बापरे. विमानाने म्हणजे भुर्दंड केवढा.

मी पण परचेसमध्येच आहे, चाकणला. एक गोष्ट कालपासून सुरू करा, 'नोटेड' लिहायचंच नाही. आपल्याला जे समजलं ते साध्या शब्दांत परत लिहून पाठवायचं, 'सो वुई शिप ४०० पीसेस इन वीक ३२, राइट?' समोरचा लगेच हो किंवा नाही म्हणतो. याला काही इंग्रजी यावं लागत नाही.

वाटसरू

यादी फाडून टाका, खरंच सांगतो. पाठांतराने भाषा येत नसते. रोज अर्धा तास वाचा, ऐका, क्रिकेटची इंग्रजी कॉमेंटरी ऐका. मी असाच शिकलो, आजवर एकही फ्रेजल व्हर्ब पाठ केलेलं नाही.

तिखटमीठ

@वाटसरू, क्रिकेट ऐकून बर्मिंगहॅमच्या परचेसवाल्याचा 'कॉल ऑफ' कळला असता का पण?

मला वाटतं आपण घाबरतो ते उगीच, कारण हा प्रकार आपल्या घरात आहेच की. एखाद्या परदेशी माणसाला 'लागणे' शिकवून बघा. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, नोकरी लागते, फोन लागत नाही, डोळा लागतो, वेड लागतं, फणस गोड लागतो, ती माझी मावशी लागते, मला जावं लागतं, आणि घाटात बस लागते ती वेगळीच! आता याची यादी करून द्या म्हणावं त्याला 🙂 आपण कुठे पाठ केलं? पण 'मला बस लागते' ऐकल्यावर गावातलं कुणीही आधी खिडकीची जागा देतं.

दूरदेशी

गोदाकाठची ताई, तुमचं वाचून माझा पहिला महिना आठवला, म्हणून सविस्तर लिहिते.

मी नर्स आहे. मिरजेला सहा वर्षं काम करून इंग्लंडला आले, यॉर्कशरमधल्या लीड्सला. येण्याआधी इंग्रजीची परीक्षा दिलेली, चांगल्या ग्रेडने पास झालेली, रोगांची नावं, औषधं, रिपोर्ट, सगळं तोंडपाठ. पण पेशंट कुठे रिपोर्टसारखं बोलतात? वॉर्डात सगळी ऐंशीच्या पुढची माणसं. तिसऱ्या रात्री एक आजोबा मला म्हणाले, 'आय हॅव गॉन राइट ऑफ माय टी, लव्ह.' मला वाटलं चहा नकोसा झालाय, मी कॉफी करून दिली. बिचाऱ्यांनी ती घेतली पण. दुसऱ्या दिवशी सिनियर सिस्टरने चार्ट बघून विचारलं की यांनी दोन दिवस जेवण घेतलेलं नाही हे कुणाला सांगितलं का त्यांनी? तर ते मलाच सांगितलं होतं. यॉर्कशरमध्ये 'टी' म्हणजे संध्याकाळचं जेवण, आणि 'गॉन ऑफ' म्हणजे इच्छाच गेली. त्या रात्री मी घरी जाऊन रडले, कारण हे नुसतं इंग्रजी चुकणं नव्हतं, एक म्हातारा माणूस जेवत नव्हता आणि ते माझ्या हातून निसटलं.

मग मी एक केलं. वही केली पण इंग्रजी शब्दाला डिक्शनरीतला अर्थ लिहायचा नाही असं ठरवलं. हेच माझी आजी कसं म्हणाली असती, ते लिहायचं. 'गॉन ऑफ माय फूड', आजी म्हणायची अन्नावरची वासनाच उडाली. आता विसरीन का मी? मग एकेक जमत गेलं. 'माय बॅक हॅज सीझ्ड अप', पाठ धरलीये. 'कान्ट कीप एनीथिंग डाउन', पोटात काही ठरत नाही. 'केम आउट इन अ रॅश', अंगावर पुरळ उठलं. 'द स्वेलिंग हॅज गॉन डाउन', सूज उतरली. 'इट्स वेअरिंग ऑफ', भूल उतरतेय. 'माय नी इज प्लेइंग अप', गुडघा कुरकुर करतोय. शब्दाला शब्द कुठेच जुळत नाही, पण माणूस तेच बोलतोय.

पाचशे नाही झाली माझी, एकशेवीसच्या आसपास असतील, पण सगळी कुणीतरी माझ्या तोंडावर बोललेली.

गोदाकाठची

@दूरदेशी, दोनदा वाचलं. आजीवाली वही फार पटली. 'पोटात ठरत नाही' हे तर आमच्याकडे रोजचं.

रानवारा

छान चाललाय धागा. दूरदेशी यांनी जे केलं त्याच्या पुढचं मी सांगतो, मला व्याकरणाचा नाद आहे.

आपली संयुक्त क्रियापदं बघा. खा आणि खाऊन टाक, यात फरक काय? काम पुरं करून मोकळं होणं. इंग्रजीत हे काम बऱ्याचदा 'अप' करतो. 'ईट अप' खाऊन टाक, 'ड्रिंक अप' पिऊन टाक, 'यूज अप' वापरून संपव, 'क्लीन अप' आवरून टाक. 'अवे' लागला की वस्तू हातातून जाते, 'गिव्ह अवे' देऊन टाक, 'थ्रो अवे' टाकून दे. 'ऑन' म्हणजे चालू ठेव, 'कॅरी ऑन', 'रीड ऑन' वाचत राहा. म्हणजे क्रियापद नाही, शेपूट शिकायचं. आणि काही तर जशीच्या तशी आपल्याकडे आहेत, फक्त शेपूट आपण आधी लावतो. 'पुट ऑफ' पुढे ढकलणे, 'टेक बॅक' मागे घेणे, 'फॉल बिहाइंड' मागे पडणे, 'कॅरी आउट' पार पाडणे. 'पार' आणि 'आउट' बघा ना, काय जुळलंय!

वाटसरू

आणि 'गिव्ह अप'? देऊन टाकणे? 😀

रानवारा

सोडून देणे! 'ही गेव्ह अप स्मोकिंग', त्याने सिगरेट सोडून दिली. चपखल बसतं की.

पण मान्य, 'शो अप', 'मेक अप', 'थ्रो अप' यांना हा नियम लावता येत नाही. सगळ्या कुलुपांना चालेल अशी किल्ली नाही ही. निम्मी उघडली तरी पाचशेचा ढीग बराच कमी होतो, एवढंच म्हणणं आहे.

बिनधास्त

एक विचारू का? गोऱ्यांसारखंच बोलायचा अट्टहास कशाला? आपण 'कोप अप विथ' म्हणतो, 'डिस्कस अबाउट' म्हणतो, समोरच्याला कळतं ना? 'प्रीपोन' आपण वापरून वापरून शेवटी त्यांच्या डिक्शनरीत गेला. आपलं इंग्रजी हे आपलं आहे, त्याची लाज कशाला बाळगायची. दूरदेशींना किंवा गोदाकाठची ताईंना जे बोलणं ऐकावं लागलं त्याचाच मला राग येतो.

गोदाकाठची

@बिनधास्त, तुमचा राग कळतो, आणि लाज मला 'कोप अप'ची नाही वाटत हो. ते आपण बोलायचं झालं. पण समोरचा काय मागतोय ते कळायला नको का? माझे चारशे नग माझ्या उच्चारामुळे नाही अडकले, त्याचं वाक्य मला उलटं कळलं म्हणून अडकले. बोलताना मी साधं बोलीन, 'कॅन्सल' म्हणीन, 'पोस्टपोन' म्हणीन, चालतंय. ऐकताना आणि वाचताना मात्र मला हे यायलाच पाहिजे.

दूरदेशी

+१. बोलताना निवड आपल्या हातात असते, ऐकताना नसते. पेशंटला 'व्हॉमिट म्हणा, थ्रो अप म्हणू नका' असं थोडंच सांगता येतं.

खडू_फळा

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो, सातारा जिल्हा. आमच्याकडे २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, तेव्हा पोरं शब्दांना बुजत नाहीत, वाक्याला बुजतात.

मी फ्रेजल व्हर्ब फळ्यावर लिहितच नाही. टोपी घेतो. 'पुट ऑन द कॅप.' 'टेक ऑफ द कॅप.' पोरं करतात. मग म्हणतो, 'पुट इट ऑन', 'टेक इट ऑफ'. इथे गंमत होते, पोरं 'टेक ऑफ इट' म्हणतात. तेव्हा दोन पोरांना उभं करतो, एक 'टेक', एक 'ऑफ', आणि तिसरं छोटं पोर 'इट'. सांगतो, 'इट' लहान आहे, त्याला दोघांनी मधे घेऊन हात धरायचा, कडेला सोडायचं नाही. 'कॅप' मोठी आहे, ती मधेही उभी राहील, शेवटीही राहील. 'टेक द कॅप ऑफ', 'टेक ऑफ द कॅप', दोन्ही बरोबर. 'इट', 'हिम', 'देम' मात्र मधेच. तिसरीतल्या पोरांना कळतं, आणि वर्षभर लक्षात राहतं, परवा एक पोरगी दुसरीला ओरडत होती, 'अगं मधे घे, मधे घे!'

काही जोड्या हात सोडतच नाहीत, 'लुक आफ्टर' घ्या. तिथे 'लुक आफ्टर हर', तिला मधे शिरताच येत नाही. ही वेगळी ओळखून ठेवावी लागतात, त्याला इलाज नाही.

पिंपळपान

'इट' लहान आहे, मधे घ्या! गुरुजी, हे मला पस्तिसाव्या वर्षी कळलं. आमच्या साहेबांना पण सांगते, ते रोज 'स्विच ऑफ इट' म्हणतात.

स्टुटगार्टकर

जर्मनीवाले कुणी आहेत का इथे? इकडे तर शेपूट थेट वाक्याच्या शेवटी जाऊन बसतं. 'आनरूफन' म्हणजे फोन करणे, पण वाक्यात 'इश रूफं दिश मॉर्गन आन', मी तुला उद्या फोन करतो. तो 'आन' येईपर्यंत श्वास रोखून थांबायचं. इंग्रजी आणि जर्मन एकाच घरातल्या, त्यामुळे ही खोड दोघींना आहे. मला जर्मन शिकल्यावर इंग्रजीतलं 'टर्न द लाइट ऑफ' एकदम कळलं.

दहीभात

विषय निघालाच आहे तर 'बंद कर' बद्दल कुणीतरी बोला. आपल्याला एकच 'बंद कर' पुरतं, दार बंद कर, पंखा बंद कर, फोन बंद कर, दुकान बंद कर, तोंड बंद कर. म्हणून मग 'क्लोज द फॅन' येतं तोंडात. त्यांना दाराला 'शट', पंख्याला 'टर्न ऑफ', फोनवरचं बोलणं संपवायला 'हँग अप', कायमच्या दुकानाला 'क्लोज डाउन', काँप्युटरला 'शट डाउन'.

आणि आपल्या प्रत्ययांचा पण हात आहे यात. 'माझ्यावर रागावली' म्हणून 'अँग्री ऑन मी'. 'त्याच्याशी लग्न' म्हणून 'मॅरीड विथ हिम', खरं 'मॅरीड टू'. 'पुण्याला पोचलो' म्हणून 'रीच्ड टू पुणे', तिथे 'टू' नकोच. 'ला' दिसला की 'टू' लावायची सवय हो, दुसरं काय.

रानवारा

दहीभात, हे फार महत्त्वाचं आहे. चुका आळसाने होत नाहीत, मराठी आतून बोलत असते म्हणून होतात. 'कोप अप विथ' पण असंच, खरं नुसतं 'कोप विथ', पण 'कीप अप विथ', 'कॅच अप विथ', 'पुट अप विथ' ऐकून कानाने तिथेही 'अप' बसवला.

शेवंती

'लुक फॉरवर्ड टू' नंतर 'मीट' की 'मीटिंग'? प्रत्येक मेलला अडखळते.

रानवारा

'मीटिंग'. खूण सांगतो, त्या 'टू'च्या पुढे 'इट' घालून बघा. 'आय लुक फॉरवर्ड टू इट' चालतं, मग पुढे 'आयएनजी'च येणार. 'आय वॉन्ट टू इट' चालत नाही, म्हणून 'वॉन्ट टू मीट'. 'आय अॅम यूज्ड टू इट' चालतं, म्हणून 'आय अॅम यूज्ड टू वेकिंग अर्ली', मला लवकर उठायची सवय आहे. आणि नुसतं 'आय यूज्ड टू वेक अर्ली' म्हणजे पूर्वी उठायचो, आता नाही.

शेवंती

मिळालं! कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवलं.

पिंपळपान

आयटीवाल्यांसाठी एक माझ्याकडून. 'लॉगइन' एकत्र लिहिलं की ते नाम, क्रियापद 'लॉग इन' असं सुटं. भूतकाळ करून बघायचा, 'लॉग्ड इन' होतं, 'लॉगइन्ड' होत नाही. 'सेट अप', 'बॅक अप' तसंच. बोलतानाही 'सेट अप'मध्ये जोर 'अप'वर, नाम असलं की 'सेट'वर.

जुनी_पोथी

उशिरा आलो, पण दिलासा देणारी एक गोष्ट सांगतो. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ साली इंग्रजीचा कोश काढला, त्याच्या प्रस्तावनेत त्यानेच लिहून ठेवलंय की क्रियापदाला छोटा शब्द जोडून अर्थ बदलण्याची ही रीत परक्यांना सगळ्यात जड जाते. उदाहरणं पण दिलीत, 'कम ऑफ', 'फॉल ऑन', 'ब्रेक ऑफ'. म्हणजे अडीचशेहून जास्त वर्षांपूर्वी कोशकाराने स्वतः कबूल केलेली अडचण आहे ही, मराठी माध्यमाचा दोष नाही. 'फ्रेजल व्हर्ब' हे नाव त्यामानाने कालचं, १९२५ मध्ये लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी ते छापलं, आणि सुचवलं होतं ऑक्सफर्ड कोशाचे हेन्री ब्रॅडली यांनी.

अजून एक, आमच्या मास्तरांनी वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन आलं की मार्क कापायचे. हा धाक इंग्रज कवी ड्रायडनपासूनचा, १६७२ चा. 'व्हॉट आर यू लुकिंग फॉर?' हे सरळ बरोबर आहे. बिनधास्त लिहा.

वाटसरू

जुनी पोथी, मस्त माहिती. आणि 'यादी फाडून टाका' हे मी जरा जोरातच बोललो, दूरदेशींची वही वाचून वाटतंय यादी वाईट नाही, दुसऱ्याची यादी वाईट.

गोदाकाठची

मंडळी, तीन आठवड्यांनी परत आले. धागा वर काढते कारण सांगायचं होतं.

जुनी वही बाजूला ठेवली. नवी केली, दूरदेशींसारखी, पण कारखान्याची. मागच्या दोन वर्षांच्या सगळ्या मेल उघडल्या आणि त्यातलीच वाक्यं उतरवली, आणि पुढे आमच्या शॉपफ्लोअरवर ते कसं बोलतात ते लिहिलं. 'साइन ऑफ' म्हणजे पास करून सही देणे. 'कॅरी ओव्हर', राहिलेलं पुढच्या महिन्यात ओढणे. 'फेज आउट', हळूहळू बंद करत आणणे. 'होल्ड ऑफ', थांबा, सांगेपर्यंत हलवू नका. 'राइट ऑफ', बुडीत धरणे. सगळी मिळून त्रेचाळीस भरली, हो, फक्त त्रेचाळीस! मी पाचशेच्या मागे लागले होते.

आणि धीर करून बर्मिंगहॅमच्या त्या बाईंना लिहिलं की तुमच्या परचेसमध्ये असे वेगळ्या अर्थाने वापरता ते शब्द मला कळवाल का. वाटलं होतं उत्तर येणार नाही. दुसऱ्या दिवशी अर्धं पान आलं, आणि खाली लिहिलेलं की 'कॉल ऑफ'वर त्यांची स्वतःची नवीन मुलंही गोंधळतात.

काल त्यांची मेल आली, 'कॅन यू पुल इन वीक ४० बाय टू वीक्स?' मी 'नोटेड' नाही लिहिलं. पिंपळपानने सांगितलं तसं साध्या शब्दांत परत विचारलं.

पिंपळपान

पुल इन म्हणजे अलीकडे ओढणे ना? अडतिसावा आठवडा?

गोदाकाठची

हो, अडतिसावा. त्यांचं 'येस' आलं आज सकाळी. मशीन लावलंय.